छान निरीक्षण

सरांचा विषय निघाला की लोक दोनपैकी एक काहीतरी बोलतात. एक तर "देवमाणूस हो, उगाच अडकला बिचारा," नाहीतर "त्याच्यापायी एका पोरीचा डोळा गेला." दोघांच्याही तोंडाला कुलूप लावावंसं वाटतं मला. उगाच अडकले नाहीत ते. आणि डोळा गेला तो काही त्यांच्या एकट्यापायी नाही. मी तिथंच होते. ती बाटली मी भरली होती.

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं काढली. अकरावी-बारावीची पोरं मला मावशी म्हणतात, मॅडम म्हणजे आमच्या प्राचार्यही मावशीच म्हणतात, खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. काम काय, तर बाटल्या भरायच्या, काचेची भांडी धुवायची, फुटलं की कुणी फोडलं ते लिहून ठेवायचं आणि दिवसभर पोरांवर ओरडायचं. शेवटचं काम मला कुणी दिलेलं नाही, ते मी आपणहून घेतलंय.

सर आले तेव्हा तिशीत असतील. काडीपैलवान, मान पुढे काढून चालायचे, आणि उजवी बाही खडूनं कायम पांढरी. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं वाढवलं. लग्न केलं नाही. ताई, म्हणजे ती थोरली बहीण, एकदा शाळेत आली होती तेव्हा मला म्हणाली, "याला बायको कशाला हवी? वह्या तपासायलाच जन्माला आलाय हा."

ते यायच्या आधी आमच्या लॅबमध्ये काय चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रॅक्टिकल कसलं, नाटकच. ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची उभी नळी, तिच्यात ॲसिड भरायचं आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब सोडायचं. भांड्यातला गुलाबी रंग गेला की किती ॲसिड लागलं ते लिहायचं. आता उत्तर किती यायला पाहिजे ते गेल्या वर्षीच्या पोरांकडून आधीच ठाऊक. मग काय, रंग जाऊ दे नाहीतर राहू दे, आकडा तोच लिहायचा. शिक्षकांना माहीत, परीक्षकांना माहीत. मला तर माहीतच, मीच सांगायचे, "अरे दहाच्या आसपास आणा रे, घरी जायचंय मला!"

सरांना याचा भयंकर राग. त्यांच्या स्वतःच्या बारावीच्या परीक्षेत त्यांनी आलेलं रीडिंग प्रामाणिकपणे लिहिलं आणि मार्क गेले. शेजारच्यानं बनवून लिहिलं, त्याला पैकीच्या पैकी. पंधरा वर्षं झाली तरी तो शेजारचा त्यांच्या मनातून गेला नव्हता. मला म्हणायचे, "मावशी, ही पोरं विज्ञान शिकत नाहीत, खोटं बोलायला शिकतात. आणि आपण शिकवतो."

मग त्यांनी ब्लॉग सुरू केला. मला आधी कळेना की हे काय प्रकरण. तर इंटरनेटवरची एक मोठी वही. प्रॅक्टिकल झालं की प्रत्येकानं तिच्यात लिहायचं, आपल्या शब्दांत, काय केलं, काय दिसलं, कुठं फसलं. सगळ्यांना सगळ्यांचं दिसणार. आणि एक नियम कडक. प्रॅक्टिकल चालू असताना "सर, माझं बरोबर आलं का?" असं विचारायचं नाही. विचित्र काही दिसलं तर ते ब्लॉगवर लिहायचं. सर घरी जाऊन वाचणार, उत्तर देणार, आणि पुढचा तास त्यावरच.

काय बहर आला होता म्हणून सांगू! चाळीस पोरं होती त्या वर्षी. एकानं लिहिलं, "मी रंगाचं औषधच घालायला विसरलो आणि पंधरा मिनिटं रंग जायची वाट बघत बसलो." सर पोट धरून हसले आणि मग त्यावर अख्खा तास घेतला. पोरांच्या चार ओळींना सरांचं उत्तर दहा ओळींचं. पोरांनी नाव ठेवलं, ब्लॉगोबा. ते कानावर गेलं तर म्हणतात, "चालेल, पण स्पेलिंग बरोबर लिहा." मलासुद्धा सोडलं नाही. भांडी कशी धुवायची ते मी बोलले, एका मुलीनं टाइप केलं, खाली तीस-पस्तीस कॉमेंट. माझा भाऊ म्हणाला, "अगं, तू तर लेखिका झालीस की!" खोटं कशाला बोलू, हवेत होते मी आठवडाभर.

पण आमच्याकडे एखादं रोप उगवलं की लगेच त्याचं जंगल करायची घाई. निकाल बरा लागला, बाहेरचे लोक बघायला आले, फोटो निघाले, आणि मॅडमनी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षीपासून चारही तुकड्यांना ब्लॉग. बाकीच्या शिक्षकांनी काखा वर केल्या. "हे तुमचंच बाळ, तुम्हीच सांभाळा." चाळिसाची एकशे सत्तर पोरं झाली. दर आठवड्याला एकशे सत्तर जणांचं लिखाण, एकट्या माणसानं वाचायचं, वर तास घ्यायचे, पेपर तपासायचे.

दिवाळं निघालं त्यांचं. डोळ्यांखाली काळं आलं. मधल्या सुट्टीत डबा उघडा ठेवून लॅबच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचे, घास तोंडात आणि बोट चालू. एकदा मी मागून बघितलं. एक पोस्ट उघडायची, खाली लिहायचं, "छान निरीक्षण! असंच लिहीत राहा." पुढची. "छान निरीक्षण! असंच लिहीत राहा." पुढची. वाचलं कधी, हा प्रश्नच नाही, पान खालीवर सरकतसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, "सर, हे काय चाललंय?"

ते दचकले. मग ओशाळून म्हणाले, "मावशी, वाचून होत नाही हो आता. पण उत्तर आलं नाही तर पोरं लिहायची बंद होतील."

"मग बंद करा ना हे सगळं. नाहीतर मॅडमना सांगा, चाळीसच घेईन म्हणून."

"सांगितलं. म्हणाल्या, आता माघार घेतली तर शाळेचं नाक कापलं जाईल." मग म्हणाले, "सुट्टीत सगळं मागचं वाचून काढणार आहे. एकूण एक."

मी गप्प बसले. एरवी माझं तोंड कुणाला आवरत नाही, आणि नेमकी तेव्हा मी गप्प बसले.

आता माझं पाप. त्या दिवशी शाळेत मोठा समारंभ होता. मी सकाळपासून दहा टेबलांच्या दहा बाटल्या भरत होते. सल्फ्युरिक ॲसिड, डायल्यूट, म्हणजे भरपूर पाणी घातलेलं, त्यानं फारतर कापडाला भोक पडतं. पुढच्या आठवड्याचं मिश्रण करायचं म्हणून शेजारीच कॉन्सन्ट्रेटेडची मोठी बाटली काढून ठेवली होती, बिनपाण्याची. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. नऊ बाटल्या भरल्या आणि शिपाई ओरडत आला, "मावशी, खुर्च्या कमी पडल्यात, चला, मॅडम तापल्यात!" मी चार नंबरच्या टेबलाची बाटली घाईनं भरली, बूच लावलं आणि पळाले. कुठल्या बाटलीतून भरली ते आता सगळ्यांना माहीत आहे. कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड जड असतं, हाताला लागतं. मला लागलं असणार. मला आठवत नाही. कितीही डोकं आपटलं तरी आठवत नाही.

त्या दिवशी चार नंबरवर एक मुलगी होती, तिला आम्ही शंकासुर म्हणायचो. प्रत्येक गोष्टीवर तिला तीन शंका. नियमाप्रमाणे ती काही बोलली नाही. शेजारच्या टेबलावरची बाटली घेतली, काम पुरं केलं आणि घरी जाऊन लिहिलं. ते मला तोंडपाठ आहे. "चार नंबरच्या बाटलीतलं ॲसिड वापरलं तर पहिल्याच थेंबाला गुलाबी रंग गेला. तीनदा केलं, तीनदा तेच. पाच नंबरची बाटली घेतली तर दहा मिली लागलं. शिवाय चार नंबरची बाटली उचलायला जड आहे. मला वाटतं तिच्यात कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड आहे. सर, कृपया तपासा."

खाली सरांचं उत्तर. "छान निरीक्षण! असंच लिहीत राहा."

मधे आठवडाभर दुसरं प्रॅक्टिकल होतं, त्याला त्या बाटल्या लागत नाहीत. दहाव्या दिवशी दुसरी तुकडी आली आणि चार नंबरवर चिमणी उभी राहिली. चणीनं लहान, म्हणून चिमणी. वर्गात आवाज नाही, लॅबमध्ये सगळ्यांच्या मागे. ब्युरेट उंच स्टँडला लावलेली असते. भरताना ती सोडवून खाली घ्यायची असते, पण एक पोर घेईल तर शपथ. ती टाचा उंच करून, हात डोक्याच्या वर नेऊन भरत होती. बाटली जड. हात हलला आणि नरसाळ्यावरून सगळं खाली तोंडावर आलं. डोळ्यांवर लावायचे चष्मे आमच्या शाळेनं कधी आणलेच नव्हते.

ती किंकाळी मी सांगणार नाही. मी तिला उचलून नळाखाली धरलं, सर पाणी मारत होते आणि सारखं म्हणत होते, "डायल्यूट आहे, काही होत नाही बाळा, डायल्यूट आहे." माझ्या हातावर दोन थेंब उडाले होते. ते ज्या तऱ्हेनं जळायला लागले, त्यावरून मला कळलं.

डावा डोळा गेला. उजवा वाचला. गालाची कातडी कायमची ओढली गेली.

मी दुसऱ्याच दिवशी मॅडमसमोर उभी राहिले आणि सांगितलं, बाटली मी भरली, चूक माझी. लेखी दिलं. मॅडमनी कागद इतक्या पटकन ड्रॉवरमध्ये टाकला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. म्हटलं, जाऊ दे नोकरी, त्या लेकराचा डोळा गेलाय.

तिसऱ्या दिवशी शंकासुर लॅबच्या दारात उभी. रडून तोंड सुजलेलं. "मावशी, मी लिहिलं होतं," म्हणाली आणि फोन पुढे धरला.

मी वाचलं. खालचं उत्तरही वाचलं. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. एकटी मी नाही! मग असा संताप चढला, तडक सरांच्या घरी गेले.

ताईनं दार उघडलं. सर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, नुसते. मी म्हटलं, "शंकासुरनं काय लिहिलंय ते बघितलंत?"

"त्याच दिवशी बघितलं," ते म्हणाले.

"आणि तीन दिवस मूग गिळून बसलात? मी लेखी देऊन मोकळी झाले, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या, मावशींनी कबूल केलंय, प्रश्न मिटला. ती पोस्ट काढून टाका. काढायचं फक्त मलाच जमतं, माझ्याकडेच पासवर्ड आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "मावशी, मला भीती वाटतेय. पोलीस, कोर्ट... ताईचं माझ्याशिवाय कुणी नाही."

"माझी चूक मी घेतली, सर. माझ्या वाट्याची पुरेपूर घेतली. तुमच्या वाट्याची मी का घेऊ? आणि माझं सोडा, मी गेले खड्ड्यात. त्या पोरीनं तुमचं ऐकून खरं ते लिहिलं. ते तुम्ही पुसणार? मग त्या तुमच्या शेजारच्यात, त्या पैकीच्या पैकीवाल्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

बोलायला नको होतं, पण बोलले. ताई चहाचा कप घेऊन दारातच थांबली होती. मी चहा न घेता निघाले.

चार दिवसांनी बैठक बोलावली. मॅडम, संस्थेचे दोघं, मी, सर, आणि समोर चिमणीचे वडील. शिंपी माणूस. तिची आई दवाखान्यातच बसून होती. मॅडमनी माझा कागद वाचायला घेतला. मी मान खाली घातली होती. सर उठले. म्हणाले, "थांबा, याच्या आधीचं एक आहे." आणि खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी शंकासुरची पोस्ट वाचली, तारखेसकट. मग खालचं आपलं उत्तरही वाचलं. आवाज अजिबात कापला नाही. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

चिमणीच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"नाही," सर म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."

"वाचलं नव्हतं?"

"नाही."

"मग 'छान' कशाला लिहिलंत?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. खरंच न समजून विचारावं तसं विचारलं त्या माणसानं. सर तिथंच उभे राहिले. शेवटी चिमणीचे वडील उठले आणि कुणाचाही निरोप न घेता निघून गेले.

सरांची नोकरी गेली. केस उभी राहिली, ती अजून चालू आहे. मला समज देऊन ऑफिसच्या कामाला लावलं, कागद पोचवायला. माझी शिक्षा हलकी झाली ती सरांनी तोंड उघडलं म्हणून, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. ब्लॉग बंद करायचं ठरलं. संस्थेनं सरांना महिन्याची मुदत दिली, नंतर सगळं पुसून टाकणार.

महिना संपायच्या आदल्या दिवशी दुपारी सर लॅबच्या किल्ल्या परत करायला आले. नवीन माणूस अजून आला नव्हता, म्हणून किल्ल्या घ्यायला मलाच पाठवलं. लॅब रिकामी होती. सर इतके वाळले होते की कॉलरमध्ये मान हलत होती. मी विचारलं, "काय करता दिवसभर?"

"वाचतो," म्हणाले. "राहिलेलं सगळं वाचलं. एक हजार बेचाळीस पोस्ट होत्या. प्रत्येकीला उत्तर लिहिलं. कुणी वाचणार नाही आता, तरी लिहिलं."

त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. चिमणीनं लिहिलेलं होतं, त्या प्रकाराच्या तीन आठवडे आधीचं. दोनच ओळी. "माझं रीडिंग बरोबर आलं. पण मला ब्युरेट भरताना हात पुरत नाही आणि वर्गासमोर सांगायची लाज वाटते. सर, मला उभं राहायला एक स्टूल मिळेल का?"

खाली तेच दोन शब्द आणि असंच लिहीत राहा.

खाली बसले मी. सर उभेच. त्यांनी विचारलं, "मावशी, एक विचारू? आपल्या लॅबमध्ये स्टूल होतं का हो?"

मागच्या खोलीत तीन होती. लाकडी, भक्कम, एकावर एक रचून ठेवलेली. मीच ठेवली होती, पोरं त्यांवर बसून गप्पा मारतात म्हणून. त्या खोलीची किल्ली आत्ता सरांनीच माझ्या हातात दिली होती.

ते आल्यापासून मी त्या माणसाशी कधी खोटं बोलले नव्हते.

"नव्हतं, सर," मी म्हटलं. "आपल्याकडे स्टूल नव्हतंच."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घालून खिशात ठेवला आणि गेले.